पाणी सुटणार की हायड्रोजन? अल्कोहोल आणि अमाइनपासून थेट अमाइड घडवणाऱ्या रुथेनियम उत्प्रेरकाचा प्रकरण अभ्यास

इस्रायलमधील रेहोवोत येथे वाइझमन विज्ञान संस्था आहे. तेथील डेव्हिड मिलस्टाइन यांच्या प्रयोगशाळेने २००७ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात एक अभिक्रिया प्रसिद्ध केली. चिदंबरम गुणनाथन, येहोशुआ बेन-डेव्हिड आणि स्वतः मिलस्टाइन असे तिचे तीन लेखक होते. प्रयोगाची मांडणी अगदी साधी आहे. १० मिलिमोल हेक्झॅनॉल हे अल्कोहोल, १० मिलिमोल बेंझिलअमाइन हे अमाइन (नायट्रोजनचा गट असलेले संयुग), द्रावक म्हणून थोडेसे टोल्युइन आणि ०.०१ मिलिमोल, म्हणजे वजनाने जेमतेम साडेचार मिलिग्रॅम, रुथेनियमचे एक जटिल संयुग एकत्र करून ते मिश्रण आरगॉनखाली सात तास उकळत ठेवले, की एन-बेंझिलहेक्झॅनामाइड हे अमाइड ९६ टक्के उताऱ्याने, म्हणजे हिशेबाने मिळायला हवे त्याच्या ९६ टक्के, हाती येते आणि त्याच्या जोडीला फक्त हायड्रोजन वायू बाहेर पडतो. या मिश्रणात आम्ल घालावे लागत नाही, आम्लारी घालावी लागत नाही, आणि कार्बोक्झिलिक आम्लाला चेतवण्यासाठी एरवी जे कपलिंग रिएजंट अपरिहार्य मानले जाते, त्याचीही गरज पडत नाही.

धातूच्या साहाय्याने अमाइड बनवण्याच्या अनेक पद्धती आहेत. त्यांतून हेच एक प्रकरण निवडण्यामागे कारण आहे. उत्प्रेरक ‘चालतो’ एवढे कळल्यावर आपण बहुधा थांबतो, पण त्या अभिक्रियेला निसर्गतः दोन वाटा मोकळ्या असताना उत्प्रेरकाने त्यांतली एकच का धरली, हा प्रश्न या प्रकरणात जितका उघडपणे समोर येतो तितका क्वचितच येतो. शिवाय या प्रश्नाचे जे उत्तर दशकभर पाठ्यपुस्तकी समजले गेले, त्यात पुढे महत्त्वाची दुरुस्ती करावी लागली.

नेहमीची पद्धत आणि तिचा हिशेब

अमाइड बंध म्हणजे कार्बोनिल गटाच्या कार्बनला जोडलेला नायट्रोजन. प्रथिनांची साखळी याच बंधाने गुंफलेली असते, नायलॉन याच बंधामुळे चिवट असते, पॅरासिटामॉलपासून असंख्य औषधांच्या रेणूंत हाच बंध सापडतो. कागदावर तो बनवणे सोपे आहे: कार्बोक्झिलिक आम्ल आणि अमाइन एकत्र आणायचे आणि पाण्याचा एक रेणू काढून घ्यायचा. प्रत्यक्षात आम्ल आणि अमाइन भेटले की आधी आम्ल आपला प्रोटॉन अमाइनला देऊन टाकते आणि दोघांचे एक निवांत क्षार बनते; त्या क्षारातून पाणी काढायचे तर बहुधा १६० अंश सेल्सिअसच्या पुढे तापवावे लागते, आणि नाजूक रेणू तेवढ्या उष्णतेत टिकत नाहीत. म्हणून प्रयोगशाळेत आम्लाला आधी चेतवतात. त्यासाठी त्याचे आम्ल क्लोराइड करतात, किंवा डीसीसी, हाटू यांसारखे कपलिंग रिएजंट वापरतात.

वरच्याच अमाइडचा हिशेब डीसीसीने मांडून पाहू. १० मिलिमोल हेक्झॅनॉइक आम्लाचे वजन १.१६ ग्रॅम, बेंझिलअमाइनचे १.०७ ग्रॅम आणि डीसीसीचे २.०६ ग्रॅम. अभिक्रिया शंभर टक्के पूर्ण झाली असे मानले तरी अमाइड मिळणार २.०५ ग्रॅम आणि डायसायक्लोहेक्झिलयुरिया हा टाकाऊ पदार्थ तयार होणार २.२४ ग्रॅम. म्हणजे मालापेक्षा कचऱ्याचे वजन जास्त. हाटूचा रेणुभार ३८० असल्यामुळे त्याचा हिशेब आणखी वाईट होतो: आत घातलेल्या एकूण वजनापैकी जेमतेम एक तृतीयांश उत्पादितात उतरते, आणि सोबत लागणारी आम्लारी यात धरलेलीच नाही. हा कचरा नुसता फेकायचा नसतो, आधी उत्पादितापासून वेगळा करावा लागतो. डायसायक्लोहेक्झिलयुरिया गाळून काढताना त्याचे शेवटचे अंश किती चिवटपणे मागे राहतात, हे ज्याने एकदा अनुभवले आहे त्याला या वाक्याचे वजन कळेल.

अल्कोहोलपासूनच्या मार्गात १.०२ ग्रॅम हेक्झॅनॉल आणि १.०७ ग्रॅम बेंझिलअमाइन यांतून २.०५ ग्रॅम अमाइड आणि अवघे ४० मिलिग्रॅम हायड्रोजन मिळतो. अणूंची काटकसर, म्हणजे आत घातलेल्या वजनातला उत्पादितात उतरणारा वाटा, ९८ टक्के. ज्या वर्षी हा शोधनिबंध आला त्याच २००७ साली अमेरिकन केमिकल सोसायटीच्या हरित रसायन संस्थेशी संलग्न असलेल्या औषध कंपन्यांच्या गोलमेज गटाने, कोणत्या अभिक्रियांसाठी अधिक चांगल्या पद्धती हव्या आहेत याची यादी प्रसिद्ध केली होती आणि तिच्या शिरोभागी अमाइड बनवण्याची काटकसरी पद्धत होती. गरज उद्योगाने अधिकृतपणे मांडली आणि तिच्या एका संभाव्य उत्तराचा निबंध त्याच वर्षी छापून आला.

हे एकच उत्तर होते असे मात्र नाही. धातूंची मदत घेऊन अमाइड बनवण्याची परंपरा जुनी आहे. इर्मा गोल्डबर्ग यांनी १९०६ मध्येच तांब्याच्या साहाय्याने अमाइडच्या नायट्रोजनवर अरोमॅटिक वलय जोडून दाखवले होते. रिचर्ड हेक यांच्या गटाने १९७४ मध्ये पॅलेडियम वापरून अरिल हॅलाइड, कार्बन मोनॉक्साइड आणि अमाइन या तिघांना एका फटक्यात अमाइडमध्ये गुंफले. २०१२ च्या सुमारास झिर्कोनियमच्या संयुगांनी आम्ल आणि अमाइन यांना थेट, तुलनेने सौम्य तापमानाला जोडता येते हे दिसून आले. प्रत्येक मार्गाचे आपापले क्षेत्र आहे. अल्कोहोलच्या मार्गातही मिलस्टाइन पहिले नव्हते: जपानमध्ये मुराहाशी आणि नाओता यांनी १९९१ मध्ये रुथेनियमच्या साहाय्याने अमिनो अल्कोहोलांपासून लॅक्टम, म्हणजे वलयाकार अमाइडे, बनवली होती. मात्र तेथे सुटणारा हायड्रोजन स्वीकारायला दुसरा एक पदार्थ मिश्रणात घालावा लागत होता, आणि अल्कोहोल व अमाइन हे गट एकाच रेणूत असल्याने त्यांची गाठ पडणेही सोपे होते. दोन स्वतंत्र रेणूंना जोडून हायड्रोजन वायुरूपात मोकळा सोडणे ही पायरी शिल्लक राहिली होती.

फाटा

अल्कोहोल धातूवर आला की धातू त्याचे दोन हायड्रोजन काढून घेतो आणि त्याचे आल्डिहाइड होते. आल्डिहाइडला अमाइन भिडते. त्यातून जो मधला रेणू तयार होतो त्याला हेमिअमिनल म्हणतात. त्याच्या एकाच कार्बनवर एक हायड्रॉक्सिल गट, एक नायट्रोजन आणि एक हायड्रोजन असे तिघे दाटीवाटीने बसलेले असतात. हा रेणू फार काळ टिकत नाही. त्याच्यापुढे दोन वाटा असतात.

पहिली वाट पाण्याची. हेमिअमिनलमधून पाणी निघून गेले की इमाइन उरते. त्या इमाइनवर धातूजवळ असलेला हायड्रोजन परत चढला की दुय्यम अमाइन (ज्याच्या नायट्रोजनला दोन कार्बन गट जोडलेले असतात) तयार होते. या सगळ्या प्रवासाला रसायनशास्त्रज्ञ ‘हायड्रोजन उसना घेणे’ म्हणतात, कारण सुरुवातीला अल्कोहोलकडून घेतलेला हायड्रोजन शेवटी परत केला जातो. अल्कोहोल आणि अमाइन यांना रुथेनियम किंवा इरिडियमबरोबर तापवले की बहुतेक उत्प्रेरक हीच वाट धरतात, आणि त्यात आश्चर्य नाही: कार्बन-नायट्रोजन दुहेरी बंध बनताना पाणी सहज सुटते, किंचित आम्ल असेल तर आणखी सहज.

दुसरी वाट हायड्रोजनची. हेमिअमिनल हेही शेवटी एक अल्कोहोलच आहे. त्याच्या हायड्रॉक्सिल गटाला धातूने पुन्हा पकडले आणि आणखी दोन हायड्रोजन काढून घेतले, तर कार्बनवर कार्बोनिल गट तयार होतो आणि शेजारी नायट्रोजन आहेच. अमाइड तयार!

म्हणजे अमाइड हवे असेल तर धातूला पाण्याच्या आधी हेमिअमिनल गाठावे लागते. या प्रकरणाचा सगळा गाभा या शर्यतीत आहे, आणि उत्प्रेरकाची घडण समजून घ्यायची ती याच नजरेने.

उत्प्रेरकाची घडण

मिलस्टाइन यांच्या संयुगात रुथेनियमला तीन ठिकाणी चिमट्यासारखा धरणारा एक लिगंड, म्हणजे धातूला बांधलेला रेणू, आहे. मधोमध पिरिडीनचे वलय, त्याच्या एका बाजूला मिथिलीनच्या दुव्याने जोडलेला फॉस्फरस, ज्यावर दोन टर्शरी ब्युटिल गट आहेत, आणि दुसऱ्या बाजूला तशाच दुव्याने जोडलेला डायएथिलअमिनो गट. धातूला धरणाऱ्या फॉस्फरस, नायट्रोजन, नायट्रोजन या तीन अणूंवरून त्याला पीएनएन लिगंड म्हणतात. रुथेनियमवर याशिवाय एक हायड्राइड (ऋणभारित हायड्रोजन) आणि एक कार्बन मोनॉक्साइड असतो.

यातली खरी खुबी अशी की फॉस्फरसच्या बाजूच्या मिथिलीनवरून एक प्रोटॉन काढून घेतला की पिरिडीन वलयाची अरोमॅटिकता, म्हणजे सामाईक इलेक्ट्रॉनांमुळे वलयाला मिळणारे खास स्थैर्य, मोडते आणि ते ताणलेल्या स्थितीत राहते. वलयाला आपली अरोमॅटिकता परत हवी असते. अल्कोहोल जवळ आले की त्याचा प्रोटॉन लिगंडच्या दुव्यावर जातो, उरलेला अल्कॉक्साइड रुथेनियमवर बसतो आणि वलय पुन्हा अरोमॅटिक होते. हायड्रोजन सुटताना हाच प्रवास उलट होतो: दुव्यावरचा प्रोटॉन आणि धातूवरचा हायड्राइड मिळून हायड्रोजनचा रेणू बनतो आणि वलय पुन्हा अरोमॅटिकता गमावते. धातूची ऑक्सिडीकरण स्थिती या सगळ्यात बदलत नाही. काम धातू आणि लिगंड दोघे वाटून घेतात. बाहेरून आम्लारी लागत नाही, कारण आम्लारीचे काम लिगंडच करतो.

हेच संयुग मिलस्टाइन यांच्या गटाने २००५ मध्ये वेगळ्या कामासाठी वापरले होते. नुसत्या अल्कोहोलबरोबर तापवल्यास ते दोन अल्कोहोलांचे एस्टर बनवून हायड्रोजन मोकळा करते, हे तेव्हाच दाखवून झाले होते. तिथे आल्डिहाइडला दुसरे अल्कोहोल भिडते आणि हेमिअसिटल बनते. २००७ चा प्रयोग म्हणजे त्याच पटावर अल्कोहोलच्या जागी अमाइन आणून ठेवणे. मला या प्रकरणातले सर्वांत शिकण्यासारखे धाडस हेच वाटते, कारण अमाइन आल्यावर पाण्याची वाट खुली होणार आणि बहुधा इमाइनच मिळणार, अशी शंका कुणालाही आली असती.

प्रस्तावित मार्गात डायएथिलअमिनो भुजेलाही महत्त्वाचे काम दिले होते. ती भुजा धातूला घट्ट धरत नाही. प्रसंगी सैल होऊन जागा मोकळी करते, आणि त्या मोकळ्या जागेवर अल्कॉक्साइडमधला कार्बनवरचा हायड्रोजन धातूकडे सरकू शकतो. हे उत्तर नीट लक्षात ठेवावे, पुढे त्याकडे परत यायचे आहे.

निष्पत्ती आणि त्यातले बारकावे

निबंधातील निकाल निव्वळ उताऱ्यांपेक्षा अधिक सांगतात. उत्प्रेरक ०.१ मोल टक्के, म्हणजे अल्कोहोलच्या हजार रेणूंमागे एक, वापरला असल्याने प्रत्येक रुथेनियम अणूने सुमारे हजार वेळा फेरी पूर्ण केली. दोन प्राथमिक अमाइन गट असलेले रेणू दिले तर दोन्ही टोकांना अमाइड होते. डायएथिलीनट्रायअमाइनसारख्या रेणूत, जिथे दोन टोकांना प्राथमिक आणि मधोमध एक दुय्यम अमाइन गट असतो, फक्त टोके अमाइडमध्ये बदलतात आणि मधला गट जसाच्या तसा राहतो. आम्ल क्लोराइडने हीच निवड साधायची तर मधला गट आधी झाकून घ्यावा आणि नंतर उघडावा लागतो, म्हणजे दोन पायऱ्यांचा आणि दोन वेळच्या शुद्धीकरणाचा खर्च.

दुय्यम अमाइन का चालत नाही, हा प्रश्नही तितकाच बोलका आहे. डायबेंझिलअमाइन दिले असता अमाइड झाले नाही. हेक्झॅनॉलचे हेक्झिल हेक्झॅनोएट हे एस्टर झाले. म्हणजे उत्प्रेरक थांबला नव्हता, अल्कोहोलमधून हायड्रोजन काढतच होता. फक्त गर्दीने वेढलेल्या अमाइनपेक्षा दुसरे अल्कोहोल आल्डिहाइडपर्यंत आधी पोचले. अॅनिलीनसारखे कमी नाभिकस्नेही, म्हणजे कार्बनवर चाल करायला कमी उत्सुक, अमाइन आणि हायड्रॉक्सिल गटाच्या कार्बनजवळ फांदी असलेले अल्कोहोल यांचे उतारेही उतरतात, आणि त्याचे कारण त्याच जागी सापडते. शर्यत जिंकण्यासाठी हेमिअमिनल आधी पुरेसे तयार व्हावे लागते.

उघडे तोंड

प्रयोगाच्या वर्णनातला एक तपशील वाचताना सहज निसटून जातो: भांडे बंद नव्हते. आरगॉन आत येत होता आणि हायड्रोजन बाहेर जात होता. ही केवळ सोयीची गोष्ट नाही.

अल्कोहोलचे आल्डिहाइड करताना हायड्रोजन वेगळा काढायला बरीच ऊर्जा लागते. इथेनॉलसाठी ती साधारण ७० किलोज्यूल प्रति मोल आहे. अमाइड बंध बनताना त्यातली बहुतेक ऊर्जा परत मिळते, कारण अमाइड हा अतिशय स्थिर गट आहे, त्यामुळे एकूण अभिक्रियेत उष्णतेचा जमाखर्च जवळजवळ सारखाच राहतो. मग अभिक्रिया पुढे ढकलते कोण? वायुरूपात सुटणारे हायड्रोजनचे दोन रेणू आणि त्यांनी वाढवलेली एन्ट्रॉपी, म्हणजे विस्कळीतपणा. वरच्या १० मिलिमोलच्या प्रयोगात खोलीच्या तापमानाला मोजला तर साधारण अर्धा लिटर हायड्रोजन निघतो. तो भांड्यातून बाहेर पडत राहिला तरच समतोल अमाइडच्या बाजूला झुकतो. शिष्यवृत्तीवर नव्याने रुजू झालेला विद्यार्थी सुरक्षिततेच्या विचाराने हीच अभिक्रिया बंद नळीत करायला जातो, तेव्हा उतारा का पडतो हे त्याला या हिशेबाशिवाय कळणार नाही, आणि बंद नळीत हायड्रोजनचा दाब साठणे हे सुरक्षिततेच्या दृष्टीनेही उलटेच आहे.

समतोल असा नाजूक असल्याचा अर्थ असाही होतो की दाब देऊन अभिक्रिया उलट फिरवता यावी. २०१० मध्ये त्याच प्रयोगशाळेने बायपिरिडीनवर आधारलेल्या दुसऱ्या पीएनएन लिगंडच्या रुथेनियम संयुगाने अमाइडवर हायड्रोजन चढवून त्यातला कार्बन-नायट्रोजन बंध तोडला आणि अल्कोहोल व अमाइन परत मिळवले. अमाइडचे हायड्रोजनीकरण केले की एरवी कार्बन-ऑक्सिजन बंध तुटून पाणी निघते. इथे पाणी निघाले नाही. फाटा तोच, फक्त चालण्याची दिशा उलट. २०१५ मध्ये या उलटसुलट प्रवासाचा उपयोग हायड्रोजन साठवण्यासाठी सुचवला गेला: २-अमिनोइथेनॉलचे दोन रेणू जोडले की ग्लायसीनचे वलयाकार डायपेप्टाइड आणि हायड्रोजनचे चार रेणू मिळतात, म्हणजे द्रवाच्या वजनाच्या ६.६ टक्के हायड्रोजन, आणि तोच उत्प्रेरक हायड्रोजनच्या दाबाखाली वलय उघडून मूळ द्रव परत देतो. २०२० मध्ये नायलॉनच्या साखळ्याही अशाच हायड्रोजनने तोडून दाखवण्यात आल्या.

लिगंड बदलला की वाट बदलते

उत्प्रेरकाने हायड्रोजनची वाट का धरली, याची सर्वांत चांगली परीक्षा त्याच्या भावंडांनी घेतली. डायएथिलअमिनो भुजेच्या जागी दुसरा फॉस्फरस बसवला की लिगंड पीएनपी होतो. धातू तोच, पिरिडीन तेच, अरोमॅटिकता मोडण्याची युक्तीही तीच. २०१० मध्ये या पीएनपी संयुगाने अल्कोहोल आणि अमाइन यांपासून इमाइन दिले, पाणीही सुटले आणि हायड्रोजनही. २०११ मध्ये अमिनो अल्कोहोलांवर दोन्ही संयुगांची तुलना झाली तेव्हा पीएनएनने पेप्टाइडे दिली आणि पीएनपीने पायराझिन वलये, म्हणजे पुन्हा पाणी सोडून बनलेली. एका अणूची अदलाबदल आणि उत्पादितांचा वर्ग बदलतो.

या कामात भूपती ज्ञानप्रकाशम आणि एकांबरम बलरामन यांचा मोठा वाटा होता. एस्टर आणि अमाइन यांपासून हायड्रोजन सोडत अमाइड बनवण्याची पद्धतही ज्ञानप्रकाशम आणि मिलस्टाइन यांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केली. तिच्यात एस्टरचे दोन्ही तुकडे, आम्लाकडचा आणि अल्कोहोलकडचा, अमाइडमध्ये उतरतात. पुढे ज्ञानप्रकाशम पुण्याच्या आयसर या विज्ञान शिक्षण व संशोधन संस्थेमध्ये, बलरामन काही वर्षे पुण्याच्याच राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत आणि गुणनाथन भुवनेश्वरच्या नायसर या तशाच राष्ट्रीय संस्थेमध्ये आपापले गट घेऊन काम करू लागले. हायड्रोजन सुटणाऱ्या या प्रकारच्या उत्प्रेरणावर भारतात, विशेषतः पुण्याच्या पाषाण परिसरातल्या या प्रयोगशाळांत, जे काम झाले त्याचा एक धागा थेट या प्रकरणाशी जुळतो.

रेहोवोतबाहेरही मार्ग रुंदावत गेला. डेन्मार्कमध्ये मॅडसन यांच्या गटाने २००८ मध्ये एन-हेटरोसायक्लिक कार्बिन हा वेगळ्या प्रकारचा लिगंड जोडलेल्या रुथेनियमने हेच साधले, मात्र उत्प्रेरक काही मोल टक्के आणि सोबत आम्लारी लागली. २०१७ मध्ये मिलस्टाइन यांच्याच गटाने रुथेनियमऐवजी मँगनीज वापरून अमाइड बनवले, आणि दुर्मीळ धातूवरचे अवलंबन कमी करण्याच्या दृष्टीने हे पाऊल मोलाचे आहे.

औषधनिर्मितीच्या दारात

एवढे सगळे असूनही औषध प्रयोगशाळेत आज अमाइड बनवायचे म्हटले की हात हाटूच्या बाटलीकडेच जातो, आणि माझ्या मते याला निव्वळ सवय म्हणून सोडून देणे अन्यायाचे होईल. हाटूने अभिक्रिया खोलीच्या तापमानाला, उघड्या बाकावर, जवळजवळ कोणत्याही कार्यात्मक गटाच्या उपस्थितीत होते. टोल्युइनच्या उकळीत सात तास काढणे अनेक रेणूंना झेपत नाही. अल्कोहोलच्या मार्गात आल्डिहाइड ही मधली अवस्था टाळता येत नाही, आणि आल्डिहाइडच्या शेजारच्या कार्बनवर असममित केंद्र (चार वेगळे गट ठरावीक मांडणीत धरणारा कार्बन) असेल तर ते उष्णतेत विस्कटण्याची भीती असते. अमिनो आम्लांपासून बनणाऱ्या औषधांत ही भीती नेमक्या मर्मावर बोट ठेवते. साठ्यात असणारे बहुसंख्य घटक आम्लाच्या रूपात असतात, अल्कोहोलच्या नव्हे. आणि औषधात रुथेनियमचे अंश किती चालतील याची मर्यादा तोंडी औषधासाठी दिवसाला १०० मायक्रोग्रॅम इतकी ठरलेली आहे, म्हणजे धातू काढून टाकण्याची पायरी वाढते. ९८ टक्के अणुकाटकसरीच्या आकड्यात टर्शरी ब्युटिल फॉस्फिन हाताळण्याचा त्रास, हवेत खराब होणारा लिगंड आणि आरगॉनचा प्रवाह यांची नोंद नसते.

हाच मार्ग जिथे खरोखर शोभतो ती जागा वेगळी आहे. डायॉल आणि डायअमाइन जोडून पॉलिअमाइड बनवायचे असेल, जिथे घटक स्वस्त, तगडे आणि तापमान सोसणारे असतात आणि कचऱ्याचा प्रत्येक किलो टनांत मोजावा लागतो, तिथे हायड्रोजन हा एकमेव उपपदार्थ असणे फार मोठी गोष्ट ठरते. २०११-१२ मध्ये अशी पॉलिअमाइडे बनवल्याचे निबंध आलेही. मी जर एखाद्या तरुण संशोधकाला या मार्गावर विषय सुचवायचा झाला तर औषधाच्या शेवटच्या पायरीपेक्षा हेच क्षेत्र सुचवीन.

इथेनचा पुरावा

आता डायएथिलअमिनो भुजेकडे परत येऊ. ती सैल होते आणि जागा देते, हे स्पष्टीकरण सुमारे बारा वर्षे सर्वत्र सांगितले गेले. २०१९ मध्ये अमेरिकेतील कोलगेट विद्यापीठाच्या अँथनी चियानीज यांच्या गटाने एस्टरांच्या हायड्रोजनीकरणासाठी हीच डायएथिलअमिनो भुजा असलेली रुथेनियम संयुगे तपासताना भांड्यातल्या वायूकडे लक्ष दिले, आणि त्यात इथेन सापडला. तो इथेन कुठून आला? भुजेवरच्या एथिल गटातून. तापवल्यावर नायट्रोजनवरचा एक एथिल गट इथेन होऊन निघून जातो आणि भुजेत इमाइनचा बंध उरतो. त्या इमाइनवर हायड्रोजन चढला की भुजेवर नायट्रोजन-हायड्रोजन बंध असलेले दुय्यम अमाइन तयार होते. निर्णायक पुरावा काळाचा होता: इथेन सुटायला लागणे आणि उत्प्रेरण सुरू होणे या दोन गोष्टी एकाच वेळी घडत होत्या. हे नवे संयुग स्वतंत्रपणे बनवून वापरले तेव्हा ते खोलीच्या तापमानालाच एस्टरांचे हायड्रोजनीकरण करू लागले आणि आम्लारीशिवाय १५,५०० फेऱ्यांपर्यंत गेले.

याचा आपल्या प्रकरणाशी संबंध उघड आहे. बाटलीतून भांड्यात घातलेला पदार्थ आणि भांड्यात प्रत्यक्ष राबणारा पदार्थ एकच असतील असे नाही. उकळत्या टोल्युइनची गरज कदाचित अमाइड बनण्यासाठी नव्हतीच. ती उत्प्रेरक जागा होण्यासाठी, म्हणजे एथिल गट उडवून लावण्यासाठी असू शकते, असा विचार या निष्कर्षानंतर करता येऊ लागला. वलयाची अरोमॅटिकता मोडण्या-जोडण्याचे चित्र त्यामुळे पूर्ण पुसले जात नाही, पण प्रोटॉनची देवघेव करणारी जागा वलयाजवळच्या कार्बनवर आहे की भुजेतल्या नायट्रोजनवर, हा प्रश्न मात्र नव्याने उभा राहतो.

मिलस्टाइन यांच्या गटाने या प्रश्नाला प्रयोगानेच उत्तर दिले. २०२१ मध्ये त्यांनी भुजेवर सुरुवातीपासूनच नायट्रोजन-हायड्रोजन बंध असलेली, पीएनएनएच नावाने ओळखली जाणारी रुथेनियम संयुगे घेतली आणि अल्कोहोल व अमाइन यांची तीच अभिक्रिया टोल्युइनऐवजी उकळत्या डायएथिल ईथरमध्ये केली. ईथर ३४.६ अंश सेल्सिअसला उकळते. त्या तापमानाला हायड्रोजन सुटत राहिला आणि अमाइड बनत राहिले. या सौम्यपणाच्या आधारे बाजारात मिळणारी काही साधी अमाइड औषधेही त्यांनी अल्कोहोल आणि अमाइन यांपासून बनवली. टोल्युइनच्या उकळीबद्दल वर जो आक्षेप नोंदवला आहे, त्याची धार या एका प्रयोगाने बरीच कमी केली. दुर्मीळ धातू, उरणारे अंश आणि अल्कोहोल घटकांची उपलब्धता हे आक्षेप जागच्या जागी आहेत.

त्याच अभ्यासात, फेरीच्या मधल्या कोणत्या अवस्थेत उत्प्रेरक सर्वाधिक वेळ विसावतो याचाही शोध घेण्यात आला, आणि तिथे अपेक्षा नसताना रुथेनियमला बांधलेले आल्डिहाइड सापडले. मूळ चित्रात आल्डिहाइड धातूवरून सुटते, द्रावणात अमाइनला भेटते आणि हेमिअमिनल होऊन परत येते असे मानले होते. आल्डिहाइड धातूला धरून बसत असेल तर द्रावणात मोकळे फिरणारे आल्डिहाइड कोणत्याही क्षणी थोडेच असणार, आणि असममित केंद्र विस्कटण्याची शक्यता तपासायची झाल्यास मोजमाप इथून सुरू करावे लागेल: आल्डिहाइड किती वेळ धातूवर, किती वेळ द्रावणात, आणि अमाइन त्याला नेमके कुठे गाठते.